तायडे मॅडमची न जुळणारी यंत्रं

डॉ. मालती तायडे मॅडमची आणि माझी पहिली ओळख माझ्या गुडघ्यामुळे झाली. उन्हाळा सुरू झाला होता. अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयातल्या संगणक प्रयोगशाळेत कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास सुटला होता, आणि अकोल्याहून त्या वर्षी दाखल झालेला मी डबा खाऊन अर्धवट झोपेतच वर्गात परत शिरत होतो. वाट पायांना पाठ होती, त्यामुळे डोळे नीट उघडण्याची मला काही गरज वाटली नाही. मध्येच एका बाकाने गुडघा असा फोडला की मी खालीच बसलो. पाहतो तर सगळी बाकं फिरवलेली, टेबलं खिडकीकडे सरकवलेली, आणि दाराशी स्टुलावर मॅडम शांतपणे बसलेल्या.

त्यांनी आधी कँटीनमधून हळद मागवली आणि मग शिकवायला सुरुवात केली. चोर असाच येतो, असं त्या म्हणाल्या. ज्याला घर पाठ असतं तो डोळे मिटूनही चालतो. संगणकावर हल्ला करणाराही पाठांतरावरच जगतो. कोणती वस्तू आत कुठे ठेवली आहे हे त्याला ठाऊक असतं, कारण त्याने आपल्या घरी तसंच दुसरं यंत्र उघडून पाहिलेलं असतं. प्रत्येक यंत्राची आतली मांडणी वेगळी ठेवली, तर तो गुडघा फोडून घेतो आणि आवाज होतो. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, वर्गातली पुस्तकी मराठी बाजूला ठेवली आणि विचारलं, "लय लागलं काय रे? उद्या ये मात्र. झोपीतच ये, पण ये."

मी मुळात झोपाळू माणूस. जागेपणी न कळलेल्या गोष्टी मला झोपेच्या काठावर कळतात. त्या रविवारी दुपारी वसतिगृहात पडल्या पडल्या मला एक गाव दिसलं. गाव ओळखीचं होतं, पण घरांची दारं कालच्या जागी नव्हती. कुणाची चूल परसात गेली होती, कुणाची विहीर ओसरीवर आली होती. गावातली माणसं मात्र सहज वावरत होती. एकच परका माणूस हातात कालचा नकाशा घेऊन गल्लीगल्लीतून फिरत होता आणि त्याला एकही दार सापडत नव्हतं. सोमवारी हे स्वप्न मी भीत भीत मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं आणि विहीर नेमकी कुठे होती, एवढंच विचारलं. त्या क्षणी मी त्यांचा शिष्य झालो. त्यांना ते आजवर माहीत नसावं.

हा गौरवग्रंथ वाचणाऱ्या सगळ्यांनाच आमच्या धंद्यातलं कळेल असं नाही, म्हणून मॅडमच्या कामाबद्दल थोडं साधेपणाने सांगतो. संगणक जिच्या जोरावर चालतो त्या मूळ प्रणालीचे दोन प्रकार असतात. एक कुलूपबंद. दुसरी खुली, म्हणजे जिचा प्रत्येक शब्द कुणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. मॅडमनी आयुष्यभर खुल्या प्रणालीची बाजू घेतली. भाषणाला गेलं की एक प्रश्न ठरलेला असे: सगळंच उघडं आहे तर चोरालाही दिसणार, मग सुरक्षित कसं? मॅडम विचारत, पुरणपोळी कशी करतात हे साऱ्या गावाला माहीत आहे, म्हणून तुमच्या घरात गुळाचा डबा कुठे आहे हे शेजाऱ्याला कळतं का? त्यांचं सगळं संशोधन या गुळाच्या डब्याभोवती फिरत राहिलं. कृती सर्वांची एकच असू द्या, पण प्रत्येक यंत्राने ती आपल्या घरी नव्याने कंपाईल करावी, म्हणजे शिजवून यंत्राच्या भाषेत उतरवावी, आणि ती होताना डबे आपापल्या मनाने ठेवावेत. जगभरातल्या खुल्या प्रणालींत मॅडमनी सुचवलेल्या लहान लहान सुधारणा आहेत. परदेशातल्या अनोळखी लोकांशी त्या अतिशय सभ्य भाषेत महिनोन्महिने वाद घालत आणि बहुधा जिंकत.

हा विचार त्यांना पुस्तकातून मिळाला असं मला वाटत नाही. त्यांचे वडील शाळामास्तर होते आणि निवृत्तीनंतर भातकुलीकडची घरची काळी जमीन स्वतः वाहत. नव्या कपाशीच्या बियाण्याबरोबर साध्या बियाण्याचं एक लहान पाकीट येत असे. ते शेताच्या कडेने पेरायचं, म्हणजे अळीला नव्या वाणाची सवय लागत नाही, असं त्यावर लिहिलेलं असे. आमच्या भागात ते पाकीट बहुतेक जण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकून देत, कारण त्या ओळींना अळी लागायचीच, मग मेहनत कशाला? मास्तर मात्र ते पेरत. शेजारी म्हणत, मास्तर अळीले जेवण वाढून राहिले. पुढे बोंडअळी आली ती सगळ्यांच्याच शेतात आली, मास्तरांच्याही. मॅडम तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे गेल्या आणि धुऱ्यावर त्यांच्याशेजारी बसल्या. मास्तर म्हणाले, "माहं चुकलं नाही, मालू. पण एकट्याच्या धुऱ्यानं काय होते? समद्यायनं पेरायले पायजे होतं." मॅडमनी हे मला बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना सांगितलं होतं. सांगताना त्या रुळांकडे पाहत होत्या.

त्यांच्या कामाची एक रीत आहे, ती आमच्या वर्तुळाबाहेर कुणाला माहीत नसेल. यंत्राने आतले डबे कुठे ठेवायचे हे एका सुरुवातीच्या आकड्यावरून ठरतं. तो आकडा गुप्त आणि कुणाला अंदाज न येणारा असावा लागतो. आम्ही मुलं तो डोक्यातून काढून द्यायचो आणि मॅडम तो दर वेळी नाकारायच्या. माणूस आवडीचाच आकडा काढतो, असं त्यांचं मत. मग टेबलाच्या खणातून त्या एक मळकी थैली काढत. त्यात त्यांच्या आईच्या कवड्या होत्या, उन्हाळ्याच्या दुपारी बाया चंगअष्टे खेळत तेव्हाच्या. उताणी पडली की एक, पालथी पडली की शून्य. यंत्र हे स्वतःही करू शकतं हे मॅडमना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण त्यांचं म्हणणं असं की एकदा हाताने केलं की ते का करायचं हे जन्मभर विसरत नाही. नियम दोनच होते. आलेला आकडा कुणाला सांगायचा नाही. आणि आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा कवड्या टाकायच्या नाहीत.

मॅडमच्या मायेबद्दल प्रत्येक जण काही ना काही लिहीलच. माझ्याकडे एक आठवण आहे ती सांगतो. माझ्या आईचं अकोल्याला मोठं ऑपरेशन झालं तेव्हा मॅडम दर रविवारी अमरावतीहून येऊन तिच्याजवळ बसत. हंगाम होता, जिनिंगच्या कारखान्याकडून कापसाची म्हातारी उडत यायची आणि दवाखान्याच्या खिडकीत तरंगत राहायची. त्या दोघी तिच्याकडे पाहत अंबाडीच्या भाजीत कण्या आधी टाकाव्या की नंतर यावर तासन्‌तास बोलत. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगत असे आणि ते बोलणं मला पाण्याच्या आवाजासारखं ऐकू येई. तुम्ही काय काम करता, असं आईने एकदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, कुलपं बनवते. तेव्हापासून आमच्या गल्लीत कुणाचं कुलूप अडलं की आई अमरावतीच्या तायडेबाईंचं नाव सुचवते. आम्ही तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. महाविद्यालयाने मोडीत काढलेले संगणक मॅडमनी मागून घेतले, त्यांच्यावर खुली प्रणाली बसवली आणि ते भातकुली, तिवसा आणि आसपासच्या गावांतल्या अभ्यासिकांना दिले. अकोल्याकडच्या गावांची जबाबदारी माझ्यावर होती, अमरावतीकडची विलास राऊतवर. विलास आमच्यातला सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत निष्ठावान शिष्य. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली या यंत्रांवर आपली टिपणं लिहीत. एका गावाच्या टिपणांची प्रत हळूहळू दुसऱ्या गावांच्या यंत्रांवरही जाऊन बसे, अशी सोय मॅडमनी केली होती. भातकुलीची अभ्यासिका चालवणाऱ्या शोभाताईंना सुरुवातीला या जुन्या डबड्यांवर भरवसा नव्हता. पोरं दिवसभर मजुरी करून येतात अन् लिहितात, ते गेलं तर मी त्यांना काय तोंड दाखवू, असं त्यांनी स्पष्ट विचारलं. मॅडमनी त्यांना शब्द दिला होता की लिहिलेलं जाणार नाही. मॅडम सहसा शब्द देत नाहीत.

आणि मग मॅडम आजारी पडल्या. हृदयाचं दुखणं होतं, नागपूरला हलवावं लागलं. नेमकं त्याच सुमारास सगळ्या यंत्रांवर प्रणालीची नवी आवृत्ती चढवायची होती. आम्ही घाबरलेलो होतो. घाबरलेली माणसं काही तरी घट्ट धरून ठेवतात, तसं आम्ही मॅडमना धरून ठेवलं. विलासने एक कल्पना काढली आणि ती सगळ्यांना भिडली: या वेळी कवड्या नकोत, सगळ्या यंत्रांना सुरुवातीचा आकडा म्हणून मॅडमची जन्मतारीख द्यायची. कुणी नवस बोलतं, कुणी उपास धरतं, आम्ही हे केलं. पाठांतर मोडायला शिकवणाऱ्या बाईंच्या शिष्यांनी मिळून एकच तारीख पाठ केली आणि गावोगावच्या यंत्रांत भरली. त्यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. भक्तीचं असंच असतं, सब घोडे बारा टक्के.

माझी यंत्रं तेवढी यातून सुटली, आणि त्यात माझं शहाणपण शून्य. विलासचा फोन आला तोवर माझं काम उरकलं होतं. आदल्या आठवड्यात मूर्तिजापूरच्या स्थानकावर पॅसेंजर रखडली होती. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की शेतं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. मी बाकावर माझ्या आईकडून आणलेल्या कवड्या टाकून एकेका गावाचा आकडा लिहून घेतला होता आणि त्याप्रमाणे सगळं कंपाईल करून मोकळा झालो होतो. आता राहू दे, असं मी म्हणालो तर विलास चिडला. "तुले मॅडमची कदरच नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मलाही रुखरुख होती की सगळ्यांनी मिळून मॅडमसाठी काही केलं आणि आपण तेवढे बाहेर राहिलो.

हल्ला झाला तो एका शांत दुपारी. खुल्या प्रणालीत एक बारीक भोक निघालं होतं, ते बुजवणारी दुरुस्ती यायला अजून अवकाश होता. कुणीतरी त्या भोकातून तिवशाच्या यंत्रात शिरलं, आतला प्रत्येक डबा कुठे आहे ते पाहून घेतलं, आणि पुढच्या गावात त्याला काही शोधावंच लागलं नाही. दारं त्याच जागी, विहीर त्याच जागी. चहाची वेळ होईतो अमरावतीकडच्या सगळ्या अभ्यासिकांतली टिपणं वाचता न येण्यासारख्या अक्षरांची रांगोळी होऊन बसली. अकोल्याकडे तोच चोर आला, पहिल्याच पावलाला बाकावर आपटला, यंत्रं धाडकन बंद पडली. आमच्या पोरांनी ती बंद-चालू करून पाहिली आणि लाइटला शिव्या दिल्या. आंधळ्याच्या गायी देव राखतो, दुसरं काय.

शोभाताईंचा फोन विलासला आला. त्या रागावल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या की मॅडमले एवढ्यात सांगू नका, त्यायची तब्येत बरी नाही. पण मॅडम नागपूरहून घरी आल्या होत्या आणि त्यांना कसं कोण जाणे कळलंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. माझ्याकडच्या यंत्रांवर भातकुलीच्या टिपणांची प्रत शाबूत आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. होती. शेवटच्या काही दिवसांचं लिखाण तेवढं तिथवर पोचलेलं नव्हतं. मी डिस्क घेऊन अमरावती गाठली आणि मॅडम, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना, माझ्याबरोबर भातकुलीला आल्या. विलास आणि बाकीचे शिष्य आधीच तिथे पोचले होते.

ती दुपार मला आजही जागेपणी पाहिल्यासारखी वाटत नाही. अभ्यासिकेच्या पत्र्यावर कडुलिंबाची सावली हलत होती, मुलं भिंतीला टेकून बसली होती, आणि टिपणं एकेक करून पडद्यावर परत येत होती. एका मुलीने आपलं पान ओळखलं आणि ती पदराने डोळे पुसायला लागली. बाकीचं काही दिवसांचं आम्ही पुन्हा लिहू, आम्हाला आठवते, असं शोभाताईंची मुलं म्हणाली. शोभाताईंनी मॅडमना पाणी दिलं आणि तुमचा शब्द राहिला बाई, असं म्हटलं. मॅडमनी मान हलवली. त्यांचं लक्ष आमच्याकडे होतं. इतकी वेगवेगळी यंत्रं एकाच चोराला एकाच दुपारी कशी सापडली, हे त्यांना सुटत नव्हतं. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, कवड्या टाकल्या होत्या ना?

शेवटी विलास पुढे झाला. साऱ्या वर्गात छाती काढून चालणारा हा माणूस जमिनीकडे पाहत म्हणाला, "मॅडम, तुमचा वाढदिवस टाकला होता. समद्यायनं."

मॅडम आधी हसल्या. छातीवर हात दाबून, दुखेल इतकं हसल्या. मग हसू विरत गेलं आणि त्यांनी त्या हलणाऱ्या सावलीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अरे बापा," त्या म्हणाल्या, "माहा बाप जलमभर धुऱ्यावर येगळी ओळ पेरत राह्यला. अन् तुमी साऱ्या वावरात मलेच पेरलं? मी काय कायमची हावो काय रे? एका बाईवर एवढं सारं ठेवत नसतात."

विलासला त्या रागावल्या नाहीत. त्याला जवळ बोलावून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तुझ्या मनात काय होतं ते मले समजते, असं म्हणाल्या. मग पर्समधून ती मळकी थैली काढली आणि आईच्या कवड्या आमच्यात वाटून टाकल्या. ज्याने त्याने आपल्या कवड्या आपल्या जागी टाकाव्या, आपली रीत आपण बसवावी, आणि मला विचारायला येऊ नये, असं बजावलं. त्या दिवसापासून आमच्यात मतभेद सुरू झाले, आणि मॅडमना त्याचा फार आनंद झाला. तिवसा आणि भातकुलीला आता दोन वेगळ्या घराण्यांच्या खुल्या प्रणाली आहेत. विलासची पद्धत मला पटत नाही, माझी त्याला पटत नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती. आम्ही फोनवर भांडतो आणि यंत्रं सुखाने चालतात.

या ग्रंथाचा संपादक विलासच आहे. त्याने सर्व लेखकांना एक आराखडा पाठवला: प्रथम परिचय, कार्य, मूल्ये, स्नेह, आणि शेवटी दीर्घायुष्याच्या शुभेच्छा. मी त्याला कळवलं की बाबा रे, पुन्हा तेच करून राहिलास. एवढे सगळे लेख एकाच साच्यातून काढलेस, तर एक वाचून कंटाळलेला माणूस सगळ्यांनाच कंटाळेल. त्याचं उत्तर आलं, तू कुठे ऐकणार आहेस. त्याचं म्हणणं खरं करायला मी आराखडा मोडूनच लिहायला बसलो, पण पाहतो तर जे सांगायचं ते त्याच वाटेने आलं आहे. काही वाटा पायांना पाठ असतात.

उरल्या फक्त शुभेच्छा. मॅडम, तुम्ही साठ वर्षांच्या होत आहात, निवृत्त होत आहात. गावोगावच्या अभ्यासिका आता तुमच्यावाचून चालतात. तुम्हीच ते घडवून आणलंत. आमच्या यंत्रांना तुमची गरज उरलेली नाही. आम्हाला आहे. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसाल, आम्ही येऊन काही बाही सांगू, आणि विहीर कुठे होती असं तुम्ही विचाराल, एवढ्यासाठी आहे.

तुम्हाला आणखी किती वर्षं मागावीत, यासाठी मी काल दुपारी तुमच्या आईच्या कवड्या टाकल्या. आकडा कुणाला सांगायचा नाही हा नियम मी पाळतो आहे. दुसरा नियम मात्र मोडला. पहिला आकडा मला लहान वाटला, म्हणून पुन्हा टाकल्या. मग पुन्हा. सगळ्या उताण्या पडेपर्यंत मी टाकतच राहिलो, मॅडम.